कडावच्या गोठ्यातल्या पद्मिनीस

प्रिय पद्मिनी,

तू पुन्हा सुरू झालीस ही बातमी कडावहून कर्जत स्टेशनाबाहेरच्या रिक्षा स्टँडपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. भेटेल तो आधी खर्चाचं विचारतो, ‘किती गेले?’ मग लगेच, ‘आता विकणार का?’ एवढी वर्षं गोठ्यात उभी राहून तुझं नेमकं काय बिघडलं होतं, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. मला त्याचंच उत्तर द्यायचं आहे. ते उघड पत्रातून देतोय, कारण कर्जत-खालापूर भागात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या तुझ्या बहिणी काही कमी नाहीत. त्यांच्या घरच्यांनीही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे.

तुझं कूळ पुन्हा एकदा सांगायला हवं. ज्यांनी तुला फक्त काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात पाहिलं त्यांना ते ठाऊक नसतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. त्याआधी ते बांधकामाच्या धंद्यात होते, आणि कर्जतहून लोणावळ्याकडे जाताना भोर घाटात जे रेल्वे बोगदे लागतात, त्यांतलं काम त्यांच्या कंपनीनं केलेलं आहे. म्हणजे आमच्या डोंगराशी तुझ्या घराण्याचं नातं तुझ्या जन्माआधीचं. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या जोडल्या जायच्या. वालचंद १९५३ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी तिथे इटलीची फियाट ११०० जुळू लागली. तीच पुढे डिलाइट झाली, १९७२ मध्ये प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. लोकांच्या तोंडी ती कायम फियाटच राहिली. १०८९ सीसीचं चार सिलेंडरचं इंजिन, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती, स्टिअरिंगला लागून असलेला गिअरचा दांडा. आजच्या लहानातल्या लहान मोटारीचं इंजिनही याहून जास्त ताकद देतं. पण त्या काळात नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची, तेव्हा कुठे ही गाडी दारात यायची.

आमच्या काकांच्या दारात तू १९७८ साली आलीस. ते खोपोलीच्या एका कारखान्यात नोकरीला. कडाव ते खोपोली हा रस्ता तुला इतका सवयीचा झाला होता की काकू म्हणायच्या, यांना झोप लागली तरी गाडी घरी आणून सोडेल. पुण्याला जाताना शिंग्रोबापाशी थांबायचं, नाणं टाकायचं, रेडिएटर निवेपर्यंत पाय मोकळे करायचे, हा नेम. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून शिंग्रोबाची गोष्ट सांगतात. काकांसाठी तो घाटातला राखणदार होता. एप्रिल-मे महिन्यात चढावर पेट्रोल पंप तापून पेट्रोलची वाफ व्हायची आणि तू मधेच बंद पडायचीस. तेव्हा पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं. त्या काळी घाट चढणाऱ्या फियाटवाल्यांच्या गाडीत पाण्याची बाटली आणि जुना पंचा असायचाच.

२००८ च्या पावसाळ्याआधी काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी स्टिअरिंग सोडलं. तुला गोठ्याच्या अर्ध्या भागात लावलं. वर कौलं, खाली शेणानं सारवलेली जमीन, पलीकडे दोन म्हशी. तुला कोणी टाकून दिलं नव्हतं, हे मुद्दाम लिहितो. पहिली एक-दोन वर्षं काका रविवारी बॅटरी जोडून तुला दहा मिनिटं चालू ठेवत. मग बॅटरी बसली, मग काका आजारी पडले, मग काका गेले. काकूंनी ताडपत्री मात्र दर पावसाळ्याआधी बदलली. ‘त्यांची गाडी आहे, भिजायची नाही,’ एवढंच त्या म्हणायच्या.

तू पावसात भिजली नाहीस, पण ओलाव्यापासून काही वाचली नाहीस. सह्याद्रीच्या कुशीतला हा पट्टा. चार महिने इथे भिंतींना घाम फुटतो, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. बंद गाडीचं तेव्हा काय होत असेल याचा विचार आपण करत नाही. ताडपत्री पाऊस अडवते, आतली वाफही अडवते. खालची जमीन ओल सोडते, ती वर चढते आणि पत्र्याला आतून लागते. म्हणून तुझं छप्पर, बॉनेट, डिकी जवळपास जशीच्या तशी होती आणि पायाखालचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा, मडगार्डच्या आतल्या बाजू बोट लावताच भुगा होऊन पडत होत्या. त्यात शेजारी गोठा. जनावरांच्या मुताचा अमोनिया तांब्या-पितळेला खातो. तुझ्या रेडिएटरच्या जाळीवर हिरवट थर चढला होता आणि वायरिंगच्या जोडांवरही तोच. गाडी कुठे उभी करायची हे ठरवताना लोक सावली बघतात, हवा बघत नाहीत. इथल्या हवामानात मोकळी, खेळती हवा ही सावलीपेक्षा मोलाची आहे.

बाकीचं सांगतो. टाकीतलं पेट्रोल पेट्रोल उरलं नव्हतं, वार्निशसारखा वास येणारा तपकिरी चिकटा झाला होता. तोच कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये सुकून बसला होता. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. त्यामुळे चारही चाकांतले व्हील सिलेंडर आतून गंजून जाम. ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली. मागच्या सीटच्या काथ्यात उंदरांची दोन बिऱ्हाडं होती आणि डॅशबोर्डमागच्या वायरी त्यांनी दातांनी साफ केल्या होत्या. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. टायर एका जागी उभे राहून खालून चपटे झालेले, कडेला भेगा. हे सगळं न चालण्यानं झालं. तीस वर्षं चालून, घाट चढून, पावसात भिजून तुझं जेवढं नुकसान झालं नव्हतं, तेवढं उभं राहून झालं.

खोपोलीचे मिस्त्री आले तेव्हा मी बॅटरी नवी आणून ठेवली होती. त्यांनी ती हातात घेतली आणि गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. ‘सेल्फ मारायचा नाही,’ म्हणाले. हे त्यांचं पहिलं वाक्य, आणि बंद गाड्यांच्या बाबतीत याहून महत्त्वाचं वाक्य मी ऐकलेलं नाही. इतकी वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलेंडरला गंजानं धरून बसलेल्या असतात. वरचं ऑइल कधीच खाली निथळून गेलेलं असतं. अशा वेळी सेल्फ मारला तर रिंग तुटते, बोअरला चरे पडतात, आणि जे काम चार प्लग खोलून झालं असतं ते अख्खं इंजिन उतरवण्यावर जातं.

मिस्त्रींनी आयुष्यभर फियाटच दुरुस्त केल्या. ते बॉनेट उघडून आधी नुसते बघत उभे राहिले. मग वाकून वास घेतला. मग डिपस्टिक काढून बोटांच्या चिमटीत ऑइल चोळलं. नंतर चारही प्लग काढून एका फळकुटावर ओळीत मांडले, कुठला कुठल्या सिलेंडरचा ते खडूनं लिहिलं. दुसरा आणि तिसरा कोरडे, काळे. चौथ्याच्या टोकाला तांबूस गंज. ‘चौथ्यात ओल गेलीय,’ ते म्हणाले. प्रत्येक भोकातून डिझेल आणि पातळ ऑइल यांचं मिश्रण पिचकारीनं आत सोडलं, वर कापडाचे बोळे लावले आणि ते घरी निघून गेले. आठवडाभर गाडीला हात लावायचा नाही, असं बजावून.

परत आल्यावर त्यांनी क्रँकच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावला. जोर लावला नाही. नुसतं वजन टाकलं, सोडलं, उलट दिशेला वजन टाकलं, सोडलं. बराच वेळ काही होईना. मग पाना एखाद्या बोटाच्या रुंदीइतका सरकला आणि आत काहीतरी कुरकुरलं. मिस्त्री थांबले, पुन्हा तेल सोडलं, चहा मागवला. संध्याकाळपर्यंत तुझं इंजिन हातानं पुरा फेरा घ्यायला लागलं होतं. ग्लोव्ह बॉक्समध्ये काकांची वही होती. पेट्रोल, ऑइल, दुरुस्ती, सगळं तारीखवार. तिच्यात तुझं बोअरिंग होऊन मोठ्या साइजचे पिस्टन बसवल्याची नोंद सापडली आणि त्यानंतर तू फार धावली नव्हतीस. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर तेव्हा कुठे समाधान दिसलं. इंजिन झिजलेलं नाही, नुसतं अडकलेलं आहे, असा त्यांनी निकाल दिला. गाडीची नोंदवही ठेवणाऱ्या माणसानं आपल्यामागच्या मिस्त्रीवरही उपकार करून ठेवलेले असतात.

पुढचं काम संथ झालं, तसंच ते व्हायला हवं होतं. जुनं ऑइल काढून नवं भरलं. प्लग बाहेरच ठेवून, म्हणजे इंजिनवर दाब न येता, तेव्हा पहिल्यांदा सेल्फ मारला. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. दिवा विझला म्हणजे ऑइल वरपर्यंत पोहोचलं. डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट पॉलिश पेपरनं घासले, फीलर गेज लावून फट बसवली, कंडेन्सर नवा टाकला. कार्ब्युरेटर सगळा खोलून जेट फुंकून, धुऊन लावला. पेट्रोल पंपाचा डायफ्राम बदलला. टाकी काढून तिच्यात बारीक खडी आणि रॉकेल घालून दोघांनी धरून हलवली, तेव्हा आतून निघालेला गंज तसराळ्यात मावेना. टाकी जागेवर बसायला अवकाश होता, म्हणून बॉनेटच्या कडेला प्लास्टिकची बाटली टांगून तिच्यातून थेट कार्ब्युरेटरला पेट्रोल दिलं.

आणि मग तू बोललीस. आधी कार्ब्युरेटरमधून एक भडका, मग दोन सिलेंडरवर धापा, मग तिसरा. सायलेन्सरमधून पांढरा धूर इतका, की म्हशी दावणीला ओढ द्यायला लागल्या. चौथा सिलेंडर येत नव्हता. मिस्त्रींनी डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवला, डोळे मिटून ऐकलं, पुन्हा किंचित फिरवला. हातात ना टायमिंग लाइट ना मीटर. चौथा आला. काकू ओटीवरून उठून आल्या, काही बोलल्या नाहीत, बाटलीतलं पेट्रोल संपेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

हे कान असलेले मिस्त्री आता साठी-सत्तरीचे आहेत. त्यांची मुलं आणि नातवंडं गाडीला लॅपटॉप जोडून दोष काढतात, ते कामही कौशल्याचंच आहे. पण तुझ्यात जोडायला काही जागाच नाही. तुझं टायमिंग कानानं लागतं, टॅपेट बोटांना कळतात, मिश्रण प्लगच्या रंगावरून वाचावं लागतं. ही विद्या पुस्तकात फारशी नाही. ती पुढे जायची तर उघडं बॉनेट हवं, शेजारी पाना धरून उभं राहिलेलं एक पोरगं हवं आणि त्यासाठी चालू गाडी हवी. म्हणून आपली बंद गाडी सुरू करायची असेल तर ती आत्ता करावी असं मला कळकळीनं वाटतं. सुटे भाग शोधून मिळतील. ऑपेरा हाऊसच्या दुकानांत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अजूनही तुझ्यासाठी व्हील सिलेंडरचे किट, होज पाइप, क्लच प्लेट मिळून जातात. टॅक्सीमुळेच हा बाजार इतकी वर्षं टिकला. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, आणि तुझी शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. गिऱ्हाईक कमी झालं की भागही कमी होणार, हे उघड आहे. पण भाग लेथवर बनवून घेता येतो. कान कुठून बनवून घेणार?

तू झोपली होतीस तेवढ्यात बाहेर बरंच बदललं. कुर्ल्याच्या तुझ्या कारखान्याच्या जागी आता निवासी इमारती आणि दुकानं आहेत. घाटातला १८३० चा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला. तुझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा बदल मात्र पेट्रोलचा आहे. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल जुन्या रबराला खराब करतं, टाकीतला जुना मळ सोडवून जेटमध्ये आणून बसवतं आणि मुख्य म्हणजे हवेतली ओल शोषतं. कर्जतच्या पावसाळ्यात असं पेट्रोल टाकीत महिनोन् महिने ठेवणं म्हणजे टाकीत पाणी साठवणं. म्हणून तुझे सगळे पेट्रोल पाइप इथेनॉल सोसणारे टाकले, डायफ्रामही तसाच मागवला, टाकी आणि पंपाच्या मध्ये काचेचा फिल्टर बसवला, म्हणजे आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. आणि टाकीत थोडंच पेट्रोल ठेवायचं, ते आठवड्या-पंधरवड्यात संपवायचं. पूर्वी तुला उभं ठेवणं वाईट होतं, या पेट्रोलवर ते त्याहून वाईट आहे.

ब्रेकबद्दल एकच सांगतो. इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात लोक गाडी तशीच रस्त्यावर काढतात. तुझी चारही चाकं ड्रमची. चारही ड्रम उघडून, सिलेंडर, रबरं, लायनर, पाइप सगळं नवं बसवून झाल्याशिवाय तुला अंगणाबाहेर काढलं नाही. कागदपत्रांचंही तेच. नोंदणीची मुदत संपलेली, म्हणून फेरनोंदणी, पर्यावरण कर, विमा, पीयूसी. खासगी मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झालं आणि वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी २०२५ मध्ये दहा हजार. ज्यानं ही रक्कम ठरवली त्याला जुन्या गाड्या रस्त्यावर नको आहेत हे स्पष्ट आहे. धूर ओकणाऱ्या, ब्रेक नसलेल्या गाड्या नकोतच, त्यात मला शंका नाही. पण महिन्यातून दोन-चारदा निघणारी, नीट राखलेली गाडी आणि रोज शंभर किलोमीटर धावणारी खटारा गाडी यांना एकच माप लावणं न्यायाचं नाही.

जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, पहिल्या नोंदणीला वीस हजार, मुदत दहा वर्षं. १९७४-७५ च्या पद्मिनी त्यात बसायला लागल्याच आहेत, तूही २०२८ मध्ये बसशील. मी तुला त्यात घालणार नाही. कारण ती नोंदणी घेतलेली गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन यांसाठीच रस्त्यावर आणता येते. काकूंना दहिवलीच्या दवाखान्यात नेणं, कर्जतच्या बाजारातून तांदळाचं पोतं आणणं त्यात बसत नाही, आणि तू त्याच कामांसाठी घरात आली होतीस.

हिरवळीवरच्या गाड्यांबद्दलही लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्या भागात फार्महाऊस आणि रिसॉर्ट वाढले तसं काही ठिकाणी जुन्या मोटारी शोभेला मांडायचं फॅड आलं. रंग चकचकीत, चाकांना नवं क्रोम, बॉनेट उघडलं तर आत पोकळी. पाहुणे टेकून फोटो काढतात. तुझ्यासाठीही तशी मागणी आली, रक्कमही चांगली होती. काकूंनी विचारलं, ‘चालवणार का ते?’ समोरच्यानं नाही म्हटल्यावर विषय संपला. त्यांचं बरोबर होतं. इंजिन काढलेली मोटार ही मोटार नाही.

त्याच कारणानं तुझा जुना फिकट रंग तसाच ठेवला आहे. कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, गंज थांबवला, वायरिंग नवं केलं, म्हणजे जे चालण्यासाठी आणि सुरक्षिततेसाठी लागतं ते सगळं केलं. पण डाव्या दारावरचा पोचा, काकांच्या कोपरानं झिजलेली खिडकीची कड, पुसट झालेले आकडे यांना हात लावला नाही. नवी दिसणारी गाडी हवी असेल तर नवी घ्यावी. तुझ्यावर खर्च करायचा तो ब्रेकवर, टायरवर, रेडिएटरवर.

सध्या तू कडाव-कर्जत करतेस, मधूनच पळसदरीकडून खोपोलीपर्यंत जाऊन येतेस. गरम इंजिनवर पहिल्या गिअरला अजून अडखळतेस. क्लच प्लेट नवी आहे, तिची खोड हळूहळू जाईल. चौथ्या सिलेंडरचं काँप्रेशन सुरुवातीला कमी होतं, चालून चालून रिंगा मोकळ्या झाल्या आणि ते वर आलं. घाट चढवायची घाई मी करणार नाही. आधी रेडिएटरची खात्री, मग शिंग्रोबा.

आणि ज्यांच्या गोठ्यात, पडवीत, शेडमध्ये अशी एखादी फियाट, अँबेसेडर किंवा जीप उभी आहे, त्या नेरळ, कशेळे, चौक, वावोशी, खालापूरच्या घरांना हात जोडून विनंती. विकायची असेल तर चालवणाऱ्यालाच विका. ठेवायची असेल तर मिरग लागायच्या आत ताडपत्री काढा, बॉनेट उघडा, टाकीतलं पेट्रोल रिकामं करा, चार विटा लावून चाकं जमिनीवरून उचला, आणि गावात जुने मिस्त्री असतील तर त्यांना आजच बोलावणं धाडा. ते येईपर्यंत सेल्फ मारू नका.

लोभ असावा.

तुझा,
काकांचा पुतण्या